गुप्त ग्राहकाची वही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची कन्या पुण्यास महाविद्यालयात शिकत असताना सुट्टीत घरी आली, तेव्हा तिच्या पिशवीत एक लहानशी, कोपरे झिजलेली वही दिसली. वहीत तारखा, वेळा, रकमा, दुकानातील माणसांच्या छातीवरील पाट्यांवरची नावे आणि मधूनमधून विचित्र वाक्ये होती : "काउंटरवर दोघे, एक फोनवर. चार मिनिटे थांबले. बिल मागावे लागले." चौकशी केली तेव्हा कळले की, ही मुलगी हातखर्चासाठी 'मिस्टरी शॉपर' म्हणजे गुप्त ग्राहकाचे काम करीत होती. कंपनी तिला ठरलेल्या दुकानात साध्या ग्राहकासारखे पाठवी. तिने खरेदी करावी, निरीक्षण करावे आणि तेथे आपल्याशी कसे वागले गेले याचा अहवाल द्यावा, एवढेच तिचे काम.

मी सहज थट्टेने म्हणालो, "यात काय मोठे? दुकानात जाऊन यायचे आणि रात्री लिहून टाकायचे." त्यावर ती म्हणाली, "नाही बाबा, रात्री लिहिलं की खोटं होतं." खोटे म्हणजे मुद्दाम केलेले नव्हे. तिला शिकवलेले नियम तिने सांगितले. आत जाण्यापूर्वी काय पाहायचे त्याची यादी पाठ करावी. आत असताना लिहू नये. बाहेर पडताच, पहिल्या आडोशाला, रिक्षात बसण्याआधी सर्व उतरवून काढावे. वेळ अंदाजाने लिहू नये, बिलावरची लिहावी. 'चांगले वागले' असे न लिहिता, काय बोलले ते लिहावे. जे पाहिले नाही, त्या रकान्यात 'पाहिले नाही' असे लिहावे. तेथे अंदाज भरू नये. हा शेवटचा नियम ऐकून मी थोडा गप्प झालो. तीस वर्षांच्या व्यवसायात मी स्वतः हा नियम किती वेळा पाळला असेन, याचा हिशेब मनातल्या मनात सुरू झाला होता.

आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल की, ही पद्धत दुकानांपुरती राहिलेली नाही. वैद्यकशास्त्रात ती फार आधी आली. 1963 साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात हॉवर्ड बॅरोज या मज्जारोगतज्ज्ञाने निरोगी व्यक्तीला एका विशिष्ट आजाराची लक्षणे वठवण्यास शिकवले. विद्यार्थ्याने तिला तपासावे आणि तपासणी संपल्यावर तिने विद्यार्थ्याने काय विचारले, काय तपासले याची यादी भरावी, अशी ती कल्पना होती. त्यातूनच पुढे 'स्टँडर्डाइज्ड पेशंट' म्हणजे शिकवून तयार केलेला प्रमाण रुग्ण ही संज्ञा रूढ झाली. परीक्षेच्या दालनातून हा रुग्ण पुढे प्रत्यक्ष दवाखान्यात, डॉक्टरांना न कळता, जाऊन बसू लागला.

आपल्या देशात अशा रुग्णांच्या साहाय्याने झालेले अभ्यास आता थोडेथोडके नाहीत. 2012 मध्ये जिष्णू दास व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण मध्य प्रदेश व दिल्ली येथील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात एक प्रकरण आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या अगदी जिव्हाळ्याचे होते : बाप एकटाच येतो आणि सांगतो की, घरी लहान मुलाला जुलाब होत आहेत. मूल समोर नाही. म्हणजे डॉक्टरच्या हाती उरतात ते फक्त प्रश्न. किती वेळा? रक्त पडते का? लघवी होते का? मूल पाणी पिते का? बाप दवाखान्यातून बाहेर पडला की तासाभराच्या आत त्याच्याकडून ठरलेली प्रश्नावली भरून घेतली जाई. आमच्या कन्येच्या रिक्षापूर्वीच्या नियमाचीच ही शास्त्रीय आवृत्ती. आठवण कितपत खरी उतरते हे तपासण्यासाठी पुढे दिल्लीतील क्षयरोगाच्या अभ्यासात काही भेटींचे ध्वनिमुद्रणही ताडून पाहण्यात आले. थोडक्यात, ज्याच्या आठवणीवर डॉक्टरचे मोजमाप व्हायचे, त्या आठवणीचेही मोजमाप झाले. आपण मात्र आपल्या आठवणीला अशी परीक्षा क्वचितच देतो.

या अभ्यासांतून निघालेले आकडे सुखद नाहीत. बिहारमधील बालकांच्या जुलाबाविषयीचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय सेवा देणाऱ्यांना आधी कागदावरचे प्रकरण देऊन विचारले की, असा रुग्ण आला तर काय द्याल? सुमारे 72 टक्क्यांनी ओआरएस, म्हणजे आपली जलसंजीवनी, देऊ असे सांगितले. नंतर त्यांच्याकडे शिकवलेला रुग्ण गेला, तेव्हा प्रत्यक्षात ती देणारे सुमारे 17 टक्के निघाले. यातील बहुसंख्य मंडळींकडे वैद्यकीय पदवी नव्हती, हे खरे. आणि येथेच आपल्यातील पुष्कळ जण सुटकेचा निःश्वास टाकतील. परंतु तेवढ्यावर सुटका नाही. 2012 च्या अभ्यासात मध्य प्रदेशातील 67 टक्के सेवा देणाऱ्यांकडे कोणतीही वैद्यकीय पात्रता नव्हती, आणि तरीही आवश्यक प्रश्न विचारण्याच्या बाबतीत पात्र व अपात्र यांच्यातील अंतर अगदी थोडे निघाले. मुंबई व पाटणा येथे 2014-15 मध्ये खासगी डॉक्टरांकडे क्षयरोगाची लक्षणे सांगणारे असे रुग्ण पाठवले गेले. त्यांच्या भेटींपैकी साधारण 35 टक्के भेटींतच योग्य व्यवस्थापन झाले. पदवीधर डॉक्टर इतरांपेक्षा बरे ठरले, पण समाधान वाटावे इतके नव्हे.

सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास मात्र 2024 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. कर्नाटक व बिहारमधील दोन हजारांहून अधिक सेवा देणाऱ्यांकडे जुलाब झालेल्या लहान मुलाचे पालक म्हणून असे रुग्ण गेले. ओआरएस का लिहून दिली जात नाही, हा त्यातील प्रश्न होता. आपण सर्वसाधारणपणे दोन कारणे सांगतो : औषधे विकण्यातला नफा आणि पुड्यांचा तुटवडा. अभ्यासानुसार नफ्याच्या वाट्याला त्रुटीतील सुमारे 5 टक्के आले, तुटवड्याच्या वाट्याला 6 टक्के. आणि 42 टक्के वाटा निघाला तो 'पालकांना ओआरएस नकोच असते' या डॉक्टरांच्या समजुतीचा. जेव्हा त्या रुग्णाने स्वतः ओआरएसला पसंती दर्शवली, तेव्हा ती देण्याचे प्रमाण 27 टक्के-बिंदूंनी वाढले. म्हणजे ज्ञान होते, पुडी होती, लोभही फारसा नव्हता. आड आली ती पालकांच्या मनाविषयी आपण करून घेतलेली आणि कधीच तपासून न पाहिलेली आठवण. 'आईबापांना इंजेक्शन आणि सलाईनच हवे असते' हे वाक्य आपल्यापैकी कोणी म्हटले नाही? पण किती आईबापांना आपण विचारले आणि त्यांची उत्तरे कोठे लिहून ठेवली?

येथे मला माझी स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. कारण दुसऱ्यांच्या चुकांचे आकडे मांडून आपण नामानिराळे राहणे, हा प्रामाणिकपणा नव्हे.

पावसाळ्याचे दिवस होते. लिंबायतकडून एक आई आठ महिन्यांचे बाळ घेऊन आली. कुटुंब मूळचे धुळे जिल्ह्यातले, नवरा पॉवरलूमवर. सुरतेतील आपल्या हजारो खानदेशी कुटुंबांपैकीच एक. जुलाब, थोड्या उलट्या, बाळ खेळकर. मी तपासले, ओआरएस व झिंक लिहून दिले, धीर दिला. दुसऱ्या दिवशी रात्री ती परत आली तेव्हा बाळ चिडचिडे, तहानेने कासावीस, अंग तापलेले. तिने ओआरएसची पूर्ण पुडी एका पेल्यात विरघळवली होती. एक लिटर पाण्यातले मीठ एका पेल्यात! बाळाला दाखल करावे लागले, रक्तातील सोडियम वाढलेले निघाले, ते हळूहळू उतरवावे लागले. बाळ बरे झाले. पण त्या रात्री मी थोडा रागातच विचारले, "अहो ताई, पुडी एक लिटरमध्ये टाकायची, असं मी सांगितलं होतं ना?" ती बाई आवाज न चढवता म्हणाली, "नाही डॉक्टरसाहेब. तुम्ही पुडी पाजा म्हणाले. पाणी किती ते नाही सांगितलं."

मी केसपेपर काढला. त्यावर माझ्याच अक्षरात औषधांची नावे व मात्रा होत्या आणि शेवटी 'ओआरएस' एवढीच अक्षरे. मी सांगितले होते का? आजही मी शपथेवर सांगू शकत नाही. 'मी हे प्रत्येकाला सांगतो' एवढे मात्र मी त्या क्षणी ठामपणे म्हणू शकत होतो. नंतर लक्षात आले की, हेच तर खरे दुखणे आहे. मला त्या बाईची भेट आठवत नव्हती. मला माझी सवय आठवत होती. तिला मात्र ती भेट आठवत होती, कारण तिचे एकच बाळ होते आणि मी त्या दिवशी पाहिलेली बाळे पुष्कळ.

आपल्या स्मरणात आपली सवय राहते आणि त्या दिवशी प्रत्यक्ष काय झाले ते निसटते, हा या लेखाचा मुद्दा आहे. बिहारच्या अभ्यासातील 72 टक्के आणि 17 टक्के यांतील दरी ती हीच. कागदावरच्या प्रकरणाचे उत्तर देताना डॉक्टर आपली सवय, किंवा आपल्याला जी सवय आहे असे वाटते ती, सांगतो. शिकवलेला रुग्ण घटना सांगतो. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिकच असतात.

विस्मरणाविषयीचे शास्त्र आपल्याला अपरिचित नाही. हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले की, नव्याने पाठ केलेल्या निरर्थक अक्षरांपैकी निम्म्याहून अधिक भाग तासाभरातच निसटतो. रुग्णांच्या बाबतीत 2003 मध्ये केसेल्स यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन लिहिले की, डॉक्टरांनी दिलेल्या माहितीपैकी 40 ते 80 टक्के रुग्ण लगेचच विसरतात आणि जे आठवते त्यातीलही जवळपास निम्मे चुकीचे असते. तेव्हा माझ्या त्या ताईंची आठवणही चुकली असेल, असे कोणी म्हणेल. असेल! पण मग दोन दुबळ्या आठवणींच्या मध्ये उभे राहू शकेल असे एकच काही असते, ते म्हणजे त्याच वेळी केलेली नोंद. आणि ती करण्याचे काम आईचे नव्हते, माझे होते.

नोंदीचा विषय निघाला की, आपल्या मंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. नोंद म्हटले की आपल्याला ग्राहक न्यायालय, वकील आणि पीसीपीएनडीटीचा 'एफ' फॉर्म आठवतो. ही नाराजी मी समजू शकतो. महाराष्ट्रात ॲडव्होकेट वर्षा देशपांडे यांच्या लेक लाडकी अभियानाने गर्भलिंगनिदान करणाऱ्यांकडे बनावट ग्राहक पाठवून अनेक प्रकरणे उघडकीस आणली. आणि 2019 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदींतील त्रुटीबद्दलच्या कठोर तरतुदी कायम ठेवल्या. स्त्री-पुरुष प्रमाणाच्या बाबतीत गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांचा पूर्वेतिहास पाहता, ज्यांनी हे धाडस केले त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु तो सापळा आहे. तेथे नोंद हा पुरावा असतो आणि त्यामागे गुन्हा शोधण्याचा हेतू असतो. मी ज्या रुग्णाविषयी बोलतो आहे तो सापळा नव्हे. तो मोजपट्टी आहे. दोहोंची गल्लत केल्यामुळे आपण मोजपट्टीलाही घाबरू लागलो आहोत.

कायदाही येथे आपल्याला फारसे ढकलत नाही. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेने दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवण्यास व मागणी झाल्यास 72 तासांत देण्यास सांगितले आहे. म्हणजे ओपीडीत दोन-चार मिनिटांत जे बोलणे होते, त्याची नोंद बहुतांशी आपल्या सदसद्विवेकबुद्धीवरच सोडलेली आहे. आणि बालरोगतज्ज्ञाचे निम्म्याहून अधिक काम याच बोलण्यात असते. औषधाचे नाव कागदावर उमटते. 'एक लिटर' हे शब्द हवेत विरतात.

यावर पहिला आक्षेप वेळेचा येईल. पावसाळ्यात ओपीडी भरलेली असताना कोण लिहीत बसणार? मी त्या घटनेनंतर एक रबरी शिक्का करून घेतला : 'पुडी 1 लिटर पाण्यात, झिंक 14 दिवस, धोक्याची लक्षणे सांगितली.' दोन महिन्यांतच माझ्या लक्षात आले की, शिक्का आपोआप उमटतो आणि सांगणे राहून जाते! म्हणजे नोंदीचीही सवयच झाली आणि खोटी नोंद ही तर नोंद नसण्यापेक्षा वाईट. तेव्हा मी शिक्का बाजूला ठेवला व आईलाच विचारू लागलो, "ताई, आता घरी गेल्यावर पुडी कशी कराल, ते मला सांगा." तिने 'एक लिटर' म्हटले की मगच मी केसपेपरवर लिहितो. यास अर्धे मिनिट लागते. आणि आठवड्यातून एक दिवस आमची रिसेप्शनवरील ताई बाहेर पडणाऱ्या काही आयांना तीन प्रश्न विचारते : काय झाले म्हणून सांगितले? औषध कसे द्यायचे? केव्हा परत यायचे? उत्तरे त्यांच्याच शब्दांत, तेथल्या तेथे वहीत उतरतात. आईला आठवले नाही तर 'आठवले नाही' असेच लिहायचे, अंदाज भरायचा नाही. पहिल्या काही आठवड्यांची ती वही वाचताना मला खरोखरच लाज वाटली. मी स्वतःला उत्तम समजावून सांगणारा डॉक्टर समजत होतो.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. रुग्ण म्हणून आलेला मनुष्य रुग्ण नाही, हे कळल्यावर डॉक्टरचे मन दुखावणारच, आणि खऱ्या रुग्णाची वेळही जाईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच माझी सूचना मर्यादित आहे. आपल्या मंडळातील जे सदस्य स्वेच्छेने तयार होतील, त्यांनी आधी लेखी संमती द्यावी. वर्षातून एकदोन वेळा, न कळवता, शिकवून तयार केलेला पालक त्यांच्याकडे जावा. गर्दीच्या वेळी जाऊ नये, फी पूर्ण द्यावी, इंजेक्शन वा तपासणी नाकारावी. अहवाल फक्त त्या डॉक्टरच्याच हाती द्यावा. मंडळात चर्चा व्हावी ती नावांवाचून. दिल्लीतील क्षयरोगाच्या अभ्यासात डॉक्टरांची संमती आधी घेतलेली होती, आणि तरीही 250 भेटींपैकी केवळ 52 भेटींत योग्य व्यवस्थापन झाले. म्हणजे आपण पाहिले जाणार आहोत हे ठाऊक असूनही मोजपट्टी खरेच सांगते.

सुरतकरांना हे वेगळे पटवून देण्याची गरज नसावी. 1994 च्या प्लेगनंतर या शहराची काय नाचक्की झाली, हे आपल्यातील ज्येष्ठांनी पाहिले आहे. पुढे 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी कचेरीबाहेर, वस्त्यांत जाऊन प्रत्यक्ष पाहण्याची शिस्त लावली. तोवर कागदोपत्री तर शहर तेव्हाही झाडले जातच असणार. फरक पडला तो कोणीतरी रोज जाऊन पाहू लागल्यावर. आपला दवाखानाही एका अर्थी आपली वस्तीच आहे, आणि आपल्या खुर्चीत बसून तो कधीच दिसत नाही. दिव्याखाली अंधार असतो, तो दिव्याचा दोष नव्हे. पण दुसरा दिवा जवळ आणल्यावाचून तो जातही नाही.

जुलाबाच्या आजारात तर आपल्याला सबब सांगण्यास जागाच नाही. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाईन संपत आल्यावर मीठ-साखरेच्या पाण्याची पिंपे भरून नातेवाइकांच्याच हाती पाजण्याचे काम सोपवले आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आणले. ते यश मिश्रणाचे होते, तितकेच सामान्य माणसाला नीट समजावून सांगण्याचेही होते. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. पुडी आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळते. पिंपाशेजारी उभे राहून सांगणारा माणूस मात्र आता आपल्याला व्हावे लागेल, आणि आपण सांगितले की नाही हे आपल्याच तोंडून ऐकून भागणार नाही.

आपल्या या वार्षिक अंकाला आपण 'स्मरणिका' म्हणतो. तीत आपण वर्षभराचे कार्यक्रम, सत्कार, सहली व दिवंगत सदस्यांची छायाचित्रे जपतो. म्हणजे आठवणीवर विसंबता येत नाही, हे आपण मंडळ म्हणून केव्हाच मान्य केले आहे. तीच शिस्त केसपेपरवर यावी, एवढीच माझी विनंती आहे. पुढील वर्षीच्या अंकात या उपक्रमाचे निष्कर्ष नावांवाचून छापता आले, तर त्यातील पहिली संमती माझी धरावी.

त्या ताई अजून येतात. बाळ आता शाळेत जाते. मागच्या भेटीत धाकट्याला घेऊन आल्या होत्या, जुलाबासाठीच. मी विचारण्याच्या आधीच त्यांनी सांगितले, "एक लिटरमध्ये पूर्ण पुडी, डॉक्टरसाहेब." मी ते केसपेपरवर त्यांच्या शब्दांत लिहिले.